बाईचा रोज

श्रावणात काही कामानिमित्त लोणार तालुक्यातील बीबी येथे गेलो होतो. सायंकाळी एका परिचिताच्या बांधावर बसलो असता मजुरीचे वाटप झाले. पुरुषांना एक रोज, बायकांना त्याहून कमी. निघताना एका वयस्क बाईला मी कारण विचारले. "बाईचा रोज आहे ना फादर तो," एवढेच बोलून ती चालू लागली.

शेतमालकाने उलगडा केला: पुरुषांनी फवारणी केली, बायकांनी निंदणी, कामेच निराळी. फवारणीचे पाणी बायकांनीच डोक्यावरून वाहिले होते, ते मात्र कोणत्याच हिशेबात नव्हते.

मला ऑड्री डिकॉस्टा यांचा खटला आठवला. मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत त्या लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखकांना वेतन अधिक. महिला लघुलेखिकांचा वर्गच निराळा, असा कंपनीचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली तो फेटाळला. 1976 च्या समान मोबदला कायद्यान्वये कामाचे स्वरूप पाहायचे, पदाचे नाव नव्हे.

परंतु तो कायदा समान स्वरूपाच्या कामापुरताच होता, आणि 2019 च्या वेतन संहितेनेही तेच माप ठेवले. निंदणी व फवारणी यांची तुलना तेथे होतच नाही. समान मूल्याच्या कामास समान मोबदला, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे तत्त्व भारताने 1958 मध्येच मान्य केले आहे. ते कायद्याच्या शब्दांत उतरले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही 1995 च्या स्त्रियांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात समान कामास समान वेतनाची निकड सांगितली होती. ते पत्र मी आमच्या महिला मंडळात मोठ्या उत्साहाने वाचून दाखविले होते.

बीबीहून परतल्यावर कपाटातून एक जुनी वही काढली. धर्मग्रामाच्या आवारभिंतीचे बांधकाम माझ्याच देखरेखीखाली झाले होते. वहीत दोन रकाने: 'बिगारी' आणि 'रेजा'. घमेली दोघांनी सारखीच वाहिली. आकडे मात्र निराळे. येथे तर कामाचे स्वरूपही एकच होते. कायदा होता, विचारणारे कोणी नव्हते. प्रत्येक पानाखाली माझी स्वाक्षरी आहे. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दृष्टान्तावर त्याच वर्षी मी प्रवचन दिले होते!

त्या रेजांपैकी दोघी आजही रविवारी मिस्सेला येतात. फरकाची रक्कम मी काढून ठेवली आहे. ती त्यांच्या हाती देताना काय बोलावे, हे अद्याप सुचलेले नाही.