जर्बिलचे चाक

आमचे शिराळे नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे. नागाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तो कोणी हौसेने पाळू शकत नाही. पण बाजारातून विकत आणलेल्या लहान जिवाचे रक्षण कोणी करायचे? अर्थातच, पाळणाऱ्याने.

जर्बिल हा उंदरासारखा प्राणी मूळचा मंगोलियाच्या कोरड्या माळरानातला. त्याला धावण्याची भारी आवड. म्हणून पिंजऱ्यात फिरते चाक ठेवतात. पुष्कळ चाकांना शिडीसारखे गज असतात. मी वर्गात अशा चाकाच्या फटीत खराट्याची काडी घालून चाक फिरवतो. काडी कट्‌कन मोडते. मग मुलांना विचारतो, "इथे जर्बिलची शेपटी असती तर?" त्या शेपटीची कातडी एकदा सोलली गेली, की पुन्हा येत नाही.

म्हणून चाकाची धाव सलग, बिनफटीची असावी. व्यास निदान २० सेंटिमीटर असावा, नाहीतर धावताना पाठ वाकते. जर्बिलचे दात जन्मभर वाढतात. प्लॅस्टिक तो कुरतडून टाकतो. पत्र्याचे चाक टिकते, मात्र त्याच्या कडा दुमडून घ्याव्यात. चाक कुरकुरू लागले, तर आसावर खाद्यतेलाचा एक थेंब सोडावा.

मांजरीला कोंडणाऱ्या स्त्रीची हकीकत तुम्ही हदीसमध्ये ऐकली असेल. तिने मांजरीला खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. मुलांनो, ज्याला आपण कोंडतो, त्याच्या सुखदुःखाचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.