ती झिंग दारूची नव्हती

2017 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे हे कामावरून आले ते भिंतीला धरत. पाय लटपटत होते, जीभ अडखळत होती. आमच्या घरात दारूला थारा नाही. मी मुलांसमोरच विचारले, "पिऊन आलात?" ते नुसते बघत राहिले. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही.

ह्यांना लहानपणापासून फिट येते. रोज फेनिटॉइनच्या 100 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. त्या महिन्यात दोनदा फिट आली. कामावर पडलो तर काम जाईल, या भीतीने त्यांनी कोणाला न विचारता चौथी गोळी सुरू केली होती. त्याला दोन आठवडे झाले होते.

सकाळी दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांपुढे बोट फिरवले, तर बुबुळे थरथरत होती. रक्त तपासले. मिलिलीटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम औषध असावे, ते 31 निघाले.

मी म्हणाले, "बाई, एकाच गोळीने एवढे?"

त्या म्हणाल्या, "हे औषध आतड्यातून सावकाश रक्तात येते. दहापैकी नऊ भाग रक्तातल्या प्रथिनाला चिकटून राहतात, मोकळा भाग मेंदूवर काम करतो. पुढे यकृत त्याचे रूप बदलते आणि ते लघवीवाटे जाते. पण यकृताची ताकद ठरलेली. मोरीचे बघा. निचऱ्याइतके पाणी ओतले तर जाते. त्याहून थोडे जास्त रोज ओतत राहिलात, तर तुंबून घरात शिरते."

क्षयाच्या आयसोनियाझिड गोळीनेही हा निचरा मंदावतो, हे त्यांनी सांगितले. आधीच्या फिटा रात्रपाळीत गोळी चुकल्यामुळे आल्या होत्या. त्यांनी आपल्या देखरेखीखाली गोळ्या कमी केल्या. मनाने एकदम बंद केल्या तर फिटांवर फिटा येऊन जीव धोक्यात येतो, असे बजावले.

घरी आल्यावर मी मुलांसमोरच म्हणाले, "चूक माझी. तुमचे बाबा प्यायले नव्हते."

भगिनींनो, फिटेच्या गोळ्या घेणारे माणूस झोकांड्या खाऊ लागले, तर बोल लावण्याआधी त्याची गोळ्यांची पुडी बघा. गोळी आपल्या मनाने वाढवू नका, कमी करू नका, चुकवू नका. आमच्याकडे आता घड्याळाखालीच डबी असते. रात्रपाळी असली की ती डब्याच्या पिशवीत जाते.