जगायला आणि बघायला

प्रवासवर्णने वाचण्याची मला जुनी खोड आहे. स्वतः फारसे कोठे न गेलेल्या माणसाला ही खोड बहुधा असतेच. आगगाडीचे तिकीट न काढता, सामानाची बांधाबांध न करता आणि मुख्य म्हणजे रजेचा अर्ज न लिहिता माणूस आरामखुर्चीत बसल्या बसल्या सातासमुद्रापलीकडे जाऊन येतो. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आली. तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाची निम्मी घरे अशीच लंडनला जाऊन आलेली आहेत. पुढे त्यांची मुले-नातवंडे खरोखरीच गेली, तेव्हा घरातल्या आजीला तिथले चौक आधीच पाठ होते!

पण मराठीतले एक थोर प्रवासवर्णन निराळ्याच कारणाने घडले. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते काही प्रेक्षणीय स्थळे पाहावयास नव्हे. घरावर कर्ज होते आणि तिकडे मोठी दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत बंडाळी आडवी आली. भटजींनी झाशी पाहिली, लढाई पाहिली, लूट पाहिली. पैसा म्हणावा तसा हाती लागला नाही. घरी आणली ती गंगेच्या पाण्याची कावड आणि डोळ्यांत साठवलेले सारे काही. ते 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापून आले. पोटासाठी बाहेर पडलेला माणूस आणि पाहण्यासाठी बाहेर पडलेला माणूस, असे हे दोन प्रवासी. वर्गात हा भेद मी अनेक वर्षे सांगत आलो आहे.

मी शिकवितो ते जव्हारला. या भागात पहिल्या प्रकारच्या प्रवासाला एक स्वतंत्र शब्द आहे. भात झोडून झाले, नागली-वरई घरात आली आणि दिवाळी सरली की पाड्यावरची माणसे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. मालकाकडून उचल अगोदरच घेतलेली असते. टेम्पोत भांडीकुंडी, कोंबड्या, कच्चीबच्ची सगळे चढते. कोठे चाललात म्हणून विचारले तर उत्तर येते, "जगायला." होळीला माणसे दोन दिवस घरी येतात, पुन्हा जातात, आणि पाऊस तोंडावर आला की परततात. 'जगायला जाणे' या शब्दप्रयोगावर मी एकदा टिपण करावयास बसलो होतो. दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटून ठेवली. काही शब्दांना अर्थाची टीप लागत नाही.

या सगळ्याची आठवण झाली ती आमच्या एका विद्यार्थ्यामुळे. मुलगा जामसरकडच्या एका पाड्यावरचा. आईबाप भट्टीवर विटा थापायचे, हा आश्रमशाळेत. सुट्टी लागली की बाकीची मुले मामाच्या गावाला जातात, हा भट्टीवर जाई. पुढे आमच्याकडे आला, बी. ए. झाला, मग मुंबईस शिकला, आणि सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करावयास गेला. जाताना मी त्याला मोठ्या हौसेने एक यादी करून दिली होती. बिग बेन, टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर ऍबे, शेक्सपिअरचे नाटकघर. सारी माझ्या आरामखुर्चीतून पाहिलेली!

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिकडे सार्वजनिक सुट्टी असते. 'बँक हॉलिडे' म्हणतात तिला. त्या रात्री त्याने मोबाईलवर बोलून बोलून तीन लांबलचक निरोप पाठविले. माझ्या यादीतील एकही ठिकाण त्यांत नव्हते.

सकाळी तो खोलीतून निघाला तो मुळी चोरासारखा. "सर, काम नसताना मी कधी कुठं गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "सारखं वाटत होतं, कुणीतरी अडवील आणि विचारील, इथं तुझं काय काम?" हा प्रश्न त्याला मुंबईत पुष्कळांनी विचारलेला. कोठल्याही मोठ्या दारासमोर जरा रेंगाळले की पहारेकरी हात हलवून पुढे हो म्हणतो. आपणांपैकी कितीजणांना हा अनुभव असेल? आपण सहज म्हणून हिंडतो. सहज हिंडता येण्यासाठी दोनचार पिढ्यांची सवय लागते, हे सहज हिंडणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. शिवाय खर्चाचे ओझे होतेच. त्याच्या डोक्यात पौंडाचे रुपये होतात आणि रुपयांच्या लगेच विटा होतात. भुयारी गाडीच्या एका खेपेला आईला किती विटा थापाव्या लागतील, हा हिशेब त्याला टाळता येईना. म्हणून तो दिवसभर पायीच हिंडला.

पहिल्यांदा गेला किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरापाशी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तेथे राहत असत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतले. हा पलीकडच्या पदपथावरून भिंतीवरची निळी गोल पाटी वाचीत उभा राहिला. बाबासाहेब सकाळीच ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसत, जेवणाचे पैसे वाचवीत आणि सायंकाळपर्यंत वाचीत, हे त्याला शाळेपासून ठाऊक होते. "ते असते तर मला म्हणाले असते, सुट्टी आहे तर वाचत बस," असे म्हणून तो हसला. पण त्या हसण्यात थोडे ओशाळेपण होते, ते मला येथे ऐकू आले.

जवळच प्रिमरोज हिल नावाची टेकडी आहे. उंची सुमारे ६३ मीटर. जव्हारच्या मुलाने तिला टेकडी म्हणावे तरी कसे! वरून मात्र सारे लंडन दिसते, आणि हिरवळीवर माणसे नुसती पडलेली होती. हाही पडला. दहा मिनिटांनी उठून कपडे झटकले. नुसते पडणे त्याला जमेना. मग रीजंट्स पार्कातून तो ब्रिटिश म्युझियमला गेला. तिकीट नसते यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने दारावरच्या माणसाला दोनदा विचारले. आत गर्दी फार. काचेच्या छपराखाली थोडा वेळ बसून तो बाहेर पडला.

त्याचा खरा दिवस पुढे सोहोत गेला. ब्रॉडविक स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे. तिथे एक पाण्याचा पंप उभा आहे, आणि त्याला दांडा नाही.

गोष्ट १८५४ सालची. ऑगस्ट अखेरीस त्या वस्तीत पटकीची साथ फुटली आणि थोड्याच दिवसांत सहाशेवर माणसे गेली. दूषित हवेने रोग होतो असे त्या काळचे बहुतेक डॉक्टर मानीत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराला ते पटत नव्हते. त्याने घरोघर जाऊन चौकशी केली, पुढे मृत्यूंचा नकाशा काढला, आणि बोट ठेवले ते त्या गल्लीतल्या पंपावर. हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई त्या गल्लीपासून कितीतरी दूर मेली होती. चौकशीत निघाले की पूर्वी ती या गल्लीत राहत असे, आणि इथल्या पाण्याची चव आवडते म्हणून ते रोज गाडीवरून मागवीत असे. शेजारच्या दारूच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते बिअरच पीत. (हा दाखला पुढे विद्यार्थ्यांनी नको तेथे देऊ नये!) ८ सप्टेंबरला स्नोच्या आग्रहावरून पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तेव्हा ओसरू लागलीच होती. ती सरल्यावर अधिकाऱ्यांनी दांडा पुन्हा बसविला, कारण त्यांना अजून पटलेले नव्हते! आज आहे तो पंप नमुन्यादाखल १९९२ मध्ये उभारलेला. समोरच्या दारूच्या दुकानाला नाव जॉन स्नोचे, आणि स्वतः स्नो आयुष्याचा बराच काळ दारूला शिवला नव्हता.

हे सारे त्याला वर्गात शिकविलेले होते. तरी तो त्या पंपासमोर तासभर बसला. त्याला काय दिसत होते हे मी ओळखू शकतो. १९९२-९३ मध्ये आमच्या तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभरावर मुले दगावली. त्याचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण पाड्यावर ती गोष्ट अजून हळू आवाजात सांगतात. आणि मे महिना म्हणजे इकडे विहिरी तळाला गेलेल्या, बायका रात्री हंडे लावून पाझराची वाट पाहत बसलेल्या. आषाढात ज्या डोंगरांवरून पाण्याचे लोट धावतात त्याच डोंगरांत वैशाखात टँकर फिरतो.

तिसऱ्या निरोपाच्या शेवटी तो म्हणाला, "सर, दांडा काढला हे सगळ्या पुस्तकांत आहे. पण दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतल्या बायका पाण्याला कुठं गेल्या? किती लांब? ते मी शोधतोय, कुठं सापडत नाही." मग थोडे थांबून म्हणाला, "प्रबंधाला हा विषय चालेल का, हे उद्या बाईंना विचारणार आहे."

मे अखेरीस मी जामसरला गेलो. त्याची आई भट्टीवरून आठवड्यापूर्वीच परतली होती. मुलाने पाठविलेली छायाचित्रे मी मोबाईलवर एकेक दाखवू लागलो. घर पाहिले, टेकडी पाहिली. त्या सोमवारी तो दिवसभर हिंडला असे सांगताच तिने विचारले, "म्हंजे खाडा पडला?"

"नाही मावशी, सुट्टी होती. सगळ्यांनाच."

"पैसं कापलं नाहीत?"

नाही म्हटल्यावर तिचा चेहरा मोकळा झाला. मग पंप आला. तिने मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"दांडा मोडलाय," ती म्हणाली. "तिकडंही कुणी दुरुस्त करायला येत नाही का?"

मी तिला स्नोची गोष्ट सांगितली. जमेल तशी, थोडक्यात. ती लक्ष देऊन ऐकत होती. मधेच तिने शेजारच्या झोपडीकडे तोंड करून हाक मारली, आणि तीनचार बायका हात पुसत आल्या. मोबाईल हातोहात फिरला. एकीने विचारले, त्या पंपाचं पाणी गोड आहे का. मी म्हटले, त्याला पाणीच नाही, तो नुसता बघायला ठेवला आहे.

"नुसता बघायला?"

त्या एकमेकींकडे पाहून जे हसू लागल्या, ते कितीतरी वेळ थांबेनात.