दिवसाला दोन शो?

अमेरिकेतल्या ‘ड्रम कोअर’चे व्हिडिओ मी विंगमध्ये सगळ्यांना बळंच दाखवतो. १९७२ पासून त्यांची स्पर्धा चालू आहे. विशीच्या आतबाहेरची दीडशेच्या आसपास पोरं, उन्हाळाभर बसने गावोगाव, झोपायला शाळेच्या जिमची फरशी. आणि शो जेमतेम अकरा-बारा मिनिटांचा!

रूममेट म्हणाला, “पब्लिक वाढवायचंय ना? मग मॅटिनी लाव की, सिनेमासारखी!” तिकिटांचा हिशोब बरोबर आहे त्याचा. पण दुपार ही त्यांची तालमीची वेळ, तीही भर उन्हात. अंगावर ड्रम बांधून पळत वाजवायचं म्हणजे गंमत नाही राव. मी पथकात ढोल वाजवतो. विसर्जनाला दुसरी सुपारी घेतली की गर्दी दुप्पट होते, पण टिपरू धरायला बोटं वळत नाहीत. मध्ये चार तास झोप देणार असाल, तर खुशाल लावा मॅटिनी.