मानेभंज्यांगच्या म्हाताऱ्या गाड्या

दार्जिलिंगला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक टायगर हिलवरचा सूर्योदय, घूमचा मठ आणि डोंगरातली छोटी रेल्वे एवढे पाहून परत फिरतात. एप्रिल २०१६ मध्ये एलटीसी घेऊन आम्हीही तेवढेच पाहायला निघालो होतो. पण बरोबर माझा धाकटा भाऊ होता. तो नाशिकला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. स्वतःच्या खर्चाने तो आमच्याबरोबर आला, तो एकाच अटीवर. "दादा, बाकी तुम्ही म्हणाल ते बघू, पण मानेभंज्यांगला दोन दिवस द्यायचे."

ही अट त्याने का घातली ते मला ठाऊक होते. तीन महिन्यांपासून तो माझ्याकडे एक लाख दहा हजार रुपये मागत होता. निफाडकडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जुनी महिंद्रा जीप उभी होती. ती विकत घेऊन त्याला तयार करायची होती. मी बीकॉम झालेला कारकून माणूस. भंगारात प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे घालायला माझे मन तयार नव्हते. तोंडावर नाही म्हणायचे नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत, असे माझे चालले होते.

मानेभंज्यांग हे दार्जिलिंगपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरचे लहानसे बाजाराचे गाव. 'माने' म्हणजे तिकडच्या बौद्ध लोकांनी मंत्र कोरलेल्या दगडांनी रचलेला स्तूप आणि 'भंज्यांग' म्हणजे खिंड. गावातूनच भारत-नेपाळची हद्द जाते. रस्त्याच्या या बाजूच्या दुकानात चहा घेतला तर भारतात, समोर जाऊन बिस्किटे घेतली तर नेपाळात. माझा मुलगा सकाळभर परदेशवाऱ्या करत होता.

आणि रस्त्याच्या कडेला रांगेने उभ्या होत्या त्या गाड्या. लँड रोव्हर. चौकोनी नाकाच्या, कोणी हिरवी, कोणी निळी, पत्र्याला ठिकठिकाणी पोचे. साधारण १९५० ते १९६० या काळात बनलेल्या. चहामळ्यांच्या इंग्रज मालकांनी त्या विलायतेहून आणल्या, साहेब लोक गेले आणि गाड्या राहिल्या. मळ्यात ड्रायव्हर, मिस्त्री म्हणून राबलेल्या लोकांच्या हातात त्या आल्या. आज नातवंडे त्या चालवतात. आम्ही गेलो तेव्हा अशा चाळीसेक गाड्या संदकफूच्या वाटेवर धावत होत्या. एखाद्या संग्रहालयात दोरी बांधून ठेवावी अशी वस्तू येथे तांदळाची पोती, गॅसची सिलिंडरे, शाळेची मुले आणि आमच्यासारखे पाहुणे वाहून नेत होती.

आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा होता. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला 'दाजू' म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. आमची मंडळी पहिल्यांदा हसली, कारण आपल्याकडे दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. असो. दाजूची गाडी १९५४ सालची. त्याचा आजा मळ्यात नोकरीला होता, बापाने गाडी घेतली आणि हा तिसरा.

या गाडीची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडात पोलादाची टंचाई होती. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातून उरलेली अमेरिकन जीप वापरत असत. तशीच शेतकऱ्याच्या उपयोगाची गाडी आपण करावी असे त्यांनी ठरवले. पोलाद मिळेना म्हणून बॉडीला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला. रंगसुद्धा विमानांसाठी आणलेल्यातून उरलेला हिरवा. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. टंचाईपोटी केलेली ही तडजोडच मानेभंज्यांगला कामी आली. तिथे वर्षातले कित्येक महिने पाऊस आणि धुके. लोखंडी पत्रा केव्हाच कुजला असता. ॲल्युमिनियम टिकले.

पण सगळेच टिकले नाही. भाऊ लगेच गाडीखाली आडवा झाला. दाजूने हातात बॅटरी दिली. दोघांची भाषा मोडकी हिंदी, पण पाना-पकडीची भाषा एकच असावी. चासी पोलादाची असल्यामुळे ती कुजतेच. त्याच्या गाडीची चासी जागोजागी कापून, नवे पोलाद घालून वेल्डिंग केलेली होती. मूळ पेट्रोल इंजिन जाऊन तिथे महिंद्राचे डिझेल इंजिन बसले होते. बहुतेकांनी तसेच केले आहे, कारण पेट्रोल परवडत नाही आणि मूळ सुटे भाग मिळत नाहीत. विलायती अंगात देशी काळीज! भाऊ गाडीखालून ओरडला, "दादा, हे तर आपल्याकडचंच इंजिन!"

संदकफूची उंची ३,६३६ मीटर. मानेभंज्यांगपासून अंतर अवघे एकतीस-बत्तीस किलोमीटर, पण तेव्हा त्याला चार तास लागत. वाट चित्रे, तुमलिंग, गैरीबास, कालीपोखरी अशी जाते आणि मधेच नेपाळात शिरून परत येते. आम्ही गेलो तेव्हा वरचा रस्ता म्हणजे नुसते दगड रचून ठेवलेले. फुटाफुटाचे दगड, मधे फटी, एका बाजूला दरी. माझी पत्नी आधी देवाधर्माचे नाव न घेणारी बाई. पण पहिल्या वळणावर तिने माझा दंड जो धरला तो गैरीबासलाच सोडला. मुलाला दोनदा उलटी झाली. दोन्ही बाजूंना गुराँस फुललेला होता, लालभडक. तो पाहायला आमच्यापैकी फक्त भावाचीच मान सरळ होती आणि त्याचे लक्ष होते दाजूच्या पायांकडे.

चारही चाकांना जोर मिळणारी गाडी म्हणजे काय, हे मला तिथे कळले. नेहमीच्या गिअरच्या दांड्याशिवाय तिला आणखी दोन दांडे असतात, एक पिवळ्या बोंडाचा, एक लाल बोंडाचा. पिवळा दाबला की पुढची चाकेही ओढायला लागतात. लालने गाडी 'लो'मध्ये जाते. म्हणजे इंजिन जोरात फिरते पण चाके अगदी सावकाश. वेग जातो आणि ताकद येते. चढावर दाजू ॲक्सिलरेटर दाबत नव्हता, क्लचवर पायही ठेवत नव्हता. गाडी आपली आपण एका दगडावरून दुसऱ्यावर, डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईसारखी पाऊल चाचपत जात होती. उतारावरही तो ब्रेकला फारसा हात लावत नसे, इंजिनच गाडीला धरून ठेवी. "ब्रेकवर भरवसा ठेवला तर ब्रेक तापतो, मग तो भरवसा देत नाही," असे तो म्हणाला.

बिखेभंज्यांगपासून शेवटचा चढ फार कठीण. 'बिख' म्हणजे विष. त्या भागात बचनागासारखी विषारी झुडपे उगवतात. तिथे एका नव्या गाडीला आम्ही अडकलेली पाहिली. दाजूने काही न बोलता दोर काढला, तिला ओढून वर घेतले आणि दोर गुंडाळून परत जागेवर ठेवला.

पहाटे साडेचारला पत्नीने उठवले. बाहेर थंडीने बोटे बधिर होत होती. समोर कांचनजंगेची रांग उजाडत होती. डाव्या अंगाला कुंभकर्ण शिखर म्हणजे मस्तक, मधे कांचनजंगा म्हणजे देह आणि पलीकडे पंडिम म्हणजे पावले. तिकडचे लोक याला 'निद्रिस्त बुद्ध' म्हणतात. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती आम्ही पाहिलेली होती. डोळे तेच शोधत होते आणि ते सापडले तेव्हा कोणी काही बोलले नाही. एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालूही दुसऱ्या बाजूला दिसतात, पण खरे सांगायचे तर त्यांच्याकडे माझे लक्ष फार वेळ गेले नाही.

मागे पाहतो तो भाऊ तिथे नव्हता. दाजूबरोबर गाडीशी होता. रात्री इंजिन गारठू नये म्हणून बॉनेटवर जुनी घोंगडी टाकलेली होती, गाडी उताराला तोंड करून उभी केलेली होती, म्हणजे सेल्फ नाही लागला तर ढकलून चालू होईल. ती काढायला हा मदत करत होता. मी तिथे गेलो आणि दाजूला माझा कारकुनी प्रश्न विचारला: साठ वर्षांच्या गाडीवर इतका खर्च करता, नवी का घेत नाही?

तो म्हणाला, "नवीचा हप्ता बँकेला द्यावा लागतो. हिचा हप्ता मी माझ्या हातानेच भरतो." आणि काळे पडलेले तळवे दाखवले. दोन मुलींचे शिक्षण आणि घरावरचा पत्रा याच गाडीवर झाला होता.

कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला होता. सरळ पद्धतीने मोजले तर ठरलेल्या वर्षांत वस्तूची किंमत शून्यावर येते. घटत्या शिल्लक पद्धतीने मोजले तर ती दरवर्षी कमी होते, पण शून्य कधीच होत नाही. परीक्षेत मला या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले होते.

घरी आल्यावर मी फंडाचा अर्ज भरला.

भावाची जीप १९६८ सालची, सीजे-थ्रीबी, उंच बॉनेटची, स्टिअरिंग डाव्या हाताला. मागे 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असे रंगवलेले होते ते त्याने तसेच ठेवले. आमच्या लहानपणी वस्तीत अशी जीप आली की आई आम्हाला आत ओढून दार लावून घेई. जीप म्हणजे फौजदार नाहीतर तहसीलदार, नाहीतर निवडणूक. चांगल्या कामासाठी ती आलेली आम्ही पाहिली नव्हती.

कोणाला अशी गाडी घ्यायची असेल तर त्याच्या अनुभवातून दोन-तीन गोष्टी सांगतो. रंगाला भुलू नका, रंग तीस हजारांत येतो. आधी हातोडीने चासी ठोकून पाहा. टणटण वाजली तर ठीक, भद्द आवाज आला तर आतून गेली. चासीवरचा नंबर आरसी बुकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद बुकात आहे का ते विचारा. नसेल तर पैसे देऊ नका. आणि पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जागेवर आहे का ते वाकून बघा. पुष्कळांनी डिझेल वाचवायला तो काढून विकला आहे. भावाच्या जीपचाही काढलेला होता. एका भंगारवाल्याने त्याला पुढचे डिफरन्शियल 'एकदम ओरिजनल' म्हणून दिले आणि पहिल्याच घाटात त्याचे दात तुटले. सतरा हजार पाण्यात गेले. त्या आठवड्यात त्याने मला फोन केला नाही. मीही केला नाही.

दीड वर्ष रविवार आणि रात्री मोडून जीप उभी राहिली. डिझेल इंजिन, नवा वायरिंगचा संच, कॅनव्हासचे छत. पहिल्यांदा आईला पुढे बसवले. गुडघ्यामुळे तिला पांडवलेण्याच्या पायथ्यापर्यंतसुद्धा चालवत नाही. ती डाव्या-उजव्याच्या घोळात ड्रायव्हरच्या जागेवरच चढली आणि उतरायला तयार होईना.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम काढला. पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, वीस हजार रुपये फी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. चांगली गोष्ट आहे. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको आणि तिच्यावर धंदा करायचा नाही. मी नियम दोनदा वाचला. ज्याच्या बंगल्यात गाडी झाकून ठेवायला जागा आहे त्याची गाडी वारसा ठरते. दाजूची गाडी, जिने मुली शिकवल्या, ती इंजिन बदलले म्हणून आणि भाडे मारते म्हणून या व्याख्येत बसत नाही. भावाचीही नाही. वारशाची व्याख्या करणाऱ्यांना वापर खुपतो असे दिसते, आणि आपल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही.

इकडे लँड रोव्हर कंपनी २००८ साली टाटांनी विकत घेतली आणि २९ जानेवारी २०१६ रोजी, म्हणजे आम्ही तिकडे गेलो त्याच वर्षी, त्या जुन्या घराण्यातली शेवटची डिफेंडर विलायतेच्या कारखान्यातून बाहेर पडली. संदकफूच्या रस्त्याचा बराच भाग नंतर सिमेंटचा झाला. आता बोलेरोही वर जाते, आपल्या नाशिकचीच. रस्ता चांगला झाला याबद्दल कोणी तक्रार करू नये. वरच्या गावांतल्या आजारी माणसाला त्याची गरज होतीच. पण दगड होते तोवर म्हाताऱ्या गाड्यांना मान होता, हेही खरे.

गेल्या पावसाळ्यात दाजूचा फोन आला. जून ते सप्टेंबर तिकडचे राष्ट्रीय उद्यान बंद असते, तेव्हाच तो गाडी खोलतो. पुढच्या पाट्यांचे बुश कुठे मिळत नाहीत म्हणाला. भावाने मापे घेतली, ओळखीच्या लेथवर पितळी बुश कातून घेतले, आठ नग. पार्सलचे दोनशे ऐंशी रुपये मी भरले आणि घरखर्चाच्या वहीत लिहिले. कोणत्या खात्यावर टाकायचे ते अजून ठरवलेले नाही.