तुटलेला तुकडा आणा

“पट्टा तुटलाय का? नाही ना? मग तुटल्यावर तुकडा घेऊन या, जमा करा, नवीन मागवू.” एका सरकारी कार्यालयात मला मिळालेलं हे उत्तर आजही आठवलं की डोकं सणकतं.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तिथली धोका पातळी 45 फूट. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, माणसं बुडाली. त्यावर मी वेगळं काय लिहू, या भागात प्रत्येक घराला ते ठाऊक आहे. पुढे गावाला फायबरची बोट आली, इंजिन आलं, लाईफ जॅकेटं आली आणि बोट ठेवायला ट्रेलर आला. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला हाताने फिरवायची विंच आणि तिच्यावर गुंडाळलेला दोन इंची पट्टा. मी ऊस वाहतूक करतो, ट्रॅक्टर माझा, म्हणून बोट ओढण्याचं काम माझ्याकडे आलं.

पुरात पाण्याची कड एका जागी राहत नाही. संध्याकाळी बोट देवळापाशी उतरवली तर पहाटे पाणी गल्लीत शिरलेलं असतं, मग ट्रेलर मागे घ्यायचा, बोट पुन्हा वर ओढायची. अंधार, चिखल, उतार, खाली बोटीला धरून उभी असलेली पोरं. त्या वेळी बोटीचं सगळं वजन त्या एका पट्ट्यावर असतं. तो तुटला तर बोट थेट पोरांच्या अंगावर.

उन्हाळ्यात पूर बचावाच्या रंगीत तालमीआधी मी तो पट्टा पूर्ण सोडवून पाहिला. मूळचा नारिंगी, पण ड्रमवरचे वरचे वेढे उन्हाने पांढुरके पडलेले. हातात घेतला तर पाचटासारखा कडक. कडेचे धागे सुटलेले, आणि हुकाजवळच्या शिवणीतल्या दोन ओळी उसवलेल्या. आतले वेढे मात्र कोरे करकरीत. म्हणजे ट्रेलर उघड्यावर ठेवला होता, ऊन लागलं तेवढाच भाग खलास झाला होता. आणि खरी ओढ येते ती नेमकी त्याच, हुकाकडच्या भागावर.

तो घेऊन मी कार्यालयात गेलो. टेबलामागच्या माणसाने पट्टा हातात घेतला, दोन्ही हातांनी ताणला आणि म्हणाला, “मजबूत आहे की ओ!” मी शिवण दाखवली. तो म्हणाला, शिवून घ्या. मी म्हटलं, साहेब, गादीवाल्याच्या दोऱ्याने शिवून ही ओढ पेलत नाही. मग नियम निघाला. निकामी झालेली वस्तू जमा केल्याशिवाय नवीन देता येत नाही, आणि पट्टा निकामी झाला हे तुटल्याशिवाय ठरत नाही. मी विचारलं, तो कुठं तुटावा म्हणता, पुरात? त्यावर त्याने वर न बघता सांगितलं, “लेखी अर्ज द्या.” अर्ज दिला. फोटो जोडले. पुन्हा गेलो तर अर्जावर शेरा होता: वस्तू वापरण्यायोग्य. कुणी गावात येऊन बोट बघितली नव्हती, विंचला हात लावला नव्हता. टेबलावर बसून शेरा. ट्रॅक्टरचा टायर फुटायची वाट कुणी बघतं का? ब्रेकची वायर तुटल्यावरच बदलायची का? जी वस्तू तुटली की माणूस मरतो ती तुटण्याआधीच बदलायची, हे कुठल्या कागदावर लिहावं लागावं?

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा वाटलं, त्याचंही खरं असेल. जुनं सामान जमा न करता नवं दिलं तर लेखापरीक्षणात वसुली त्याच्याच पगारातून. मला ते पटतंही. पण तो शेरा आठवला की पटलेलं सगळं पुसून जातं.

शेवटी गावात वर्गणी काढली. इथे दुसरा वाद. आमच्याकडे सगळ्यांचा जीव वायर रोपवर. कारखान्यावर ऊस वायर रोपनेच उतरतो, मग बोटीला का नको? जुने नावाडी तात्या तर हटूनच बसले, “लोखंड ते लोखंड, कापडाचा काय भरवसा?” पण वायर आतून गंजते ते दिसत नाही, तिच्या तुटलेल्या तारा तळहात फाडतात आणि ताणात तुटली तर चाबकासारखी परत येते. पट्टा झिजला की डोळ्यांना दिसतो. रात्री ओल्या हातांनी काम करायचं तर पट्टाच बरा.

तो मिळवणं सोपं नव्हतं. सांगलीत ट्रकचा माल आवळायचे रॅचेटचे बेल्ट हवे तेवढे, पण त्यांना ड्रमच्या बोल्टमध्ये अडकवायची शिवलेली कडी नसते. कराडजवळ महामार्गावर एका दुकानात ‘3 टन’ लिहिलेला पट्टा दाखवला. लेबल उलटून वाचलं, तर तो आकडा पट्टा तुटण्याचा. रोज ओढायचं वजन खाली बारीक अक्षरात, त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. आमच्या विंचवर 1600 पौंड लिहिलंय, म्हणजे सव्वासातशे किलो. पट्ट्याचं कामाचं वजन त्यापेक्षा कमी चालत नाही. हा बसत होता. तरी घेण्याआधी बामणोलीला, कोयनेच्या पाण्यावर बोट चालवणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, पॉलिएस्टरचाच घ्या. नायलॉन पाणी पितो आणि लांबतो. आणि शिवणीचा दोरा पट्ट्यापेक्षा वेगळ्या रंगाचा बघा, टाका तुटला की लगेच कळतो.”

नवा पट्टा बसवताना आधी बोटीचं नाक साखळीने ट्रेलरला बांधलं. जुना पट्टा ड्रमच्या वरून येत होता की खालून, ते खडूने लिहून ठेवलं. उलटा गुंडाळला तर विंचचा खटका धरत नाही. बोल्ट आणि लॉकनट नवीन घातले. मग पट्टा रिकामा न गुंडाळता बोटीच्या ओढीवरच गुंडाळला, म्हणजे वेढे घट्ट बसतात. बोट पूर्ण खाली गेली तरी दोन-तीन वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत, नाहीतर सगळी ओढ त्या एका बोल्टवर येते. विंचवर आता जुन्या ताडपत्रीची टोपी आहे.

विंचच्या पट्ट्यावर भरवसा ठेवून बोट रस्त्याने न्यायची नाही, हे मी पोरांना बजावून सांगतो. रस्त्यावर नाकाला साखळी हवी आणि मागे दोन बेल्ट. ते मागचे बेल्ट अजून जुनेच आहेत. त्यांचा खर्च मी ग्रामसभेच्या विषयांत लिहून दिला आहे, पाऊस लागायच्या आत ते बदलायला हवेत.