विकायच्या घराची न्हाणी

४ एप्रिल २०२५, जठारपेठ, अकोला
दलाल घर पाहून गेला. बैठक, माजघर, गच्ची सगळं भराभर पाहिलं. न्हाणीच्या दारात मात्र उभाच राहिला. "ताई, गिऱ्हाईक घर नाई पाह्यत, मोरी पाह्यते." त्याचा सल्ला असा की जुन्या फरशीवरच नवी चिकटवा, ओल आलेल्या भिंतीला पुट्टी मारा, वरून रंग. आठ दिवसांत काम खलास. रात्री पुण्याहून दादाचा फोन. चाळीस हजारांच्या वर एक पैसा घालू नको, घेणारा तसाही तोडफोड करणारच. व्यवहाराला धरून दोघंही बरोबर आहेत. पण ओल आहे ती न्हाणीच्या बाहेरच्या अंगाला, जोत्यालगत, आणि तिथूनच एक तिरपी भेग खिडकीपर्यंत चढली आहे. तिच्यावर पुट्टी म्हणजे तापाने फणफणलेल्याला पावडर लावून पंगतीत बसवणं.

७ एप्रिल
काल रामनवमी झाली, आज मिस्त्री आले. त्यांनी न्हाणी पाहिलीच नाही. आधी बाहेर जाऊन चेंबरचं झाकण उघडलं आणि मला आतून बादली ओतायला लावली. चेंबरात बारीक धार आली, तीही उशिरा. "पाणी चेंबरात कमी अन् पायाले जास्त जाऊन राह्यलं, ताई."
आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभावच असा, की पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराखालची बाकी माती कोरडी पडत असताना न्हाणीखालचा कोपरा बारमाही ओला. मग भिंत तडकणार नाही तर काय! खडकावरच्या शहरांत गळकी मोरी म्हणजे डाग आणि कुबट वास. इथे ती पायालाच हात घालते. तेव्हा पैसे आधी जमिनीखाली जातील. आरसा, दिवे, काचेचं पार्टिशन हे सगळं यादीतून काढलं.

९ एप्रिल
फरशी उकरली. फरशीच्या सांध्यांत सिमेंट म्हणून नव्हतंच. बोअरच्या पाण्याने पांढरे थर चढतात, म्हणून आमच्या गल्लीत सर्रास ॲसिड ओतून फरशी घासतात. ॲसिड क्षार खातं आणि त्याच ओघात सिमेंटही खातं. पूर्णेकाठचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. तिथल्या लोकांपुढे प्यायच्या पाण्याचाच प्रश्न, आपलं निदान नळावर भागतं. महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं तेव्हा ते पिण्या-स्वयंपाकाला, अंघोळीला बोअर.
प्लंबरने जुना लोखंडी पाइप कापून तुकडा हातात दिला. बाहेरून धडधाकट. आतून तांबडा गंज, त्यावर पांढरट कडक साका, मधोमध जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक. आई वर्षानुवर्षं "नळाले जोरच नाही" म्हणायची आणि आम्ही नळ बदलायचो. आता सीपीव्हीसीचे पाइप.

१४ एप्रिल
आंबेडकर जयंती, काम बंद. हिशेब मांडला. मलबा, सांडपाण्याचा नवा पाइप, जाळीखालचा ट्रॅप, कोबा आणि वॉटरप्रूफिंग यांतच सतरा हजार. पाइप आणि नळ साडेआठ. मजुरी नऊ. फरशी पाच बाय सात फुटांची, तुटफूट धरून चाळीस चौरस फूट. मोरबीच्या साध्या खडबडीत टाइल्स अठराशेत आल्या. भिंतीच्या निळसर टाइल्स ठेवल्या, फक्त सांधे खरवडून इपॉक्सी भरायचं. भिंतीचं तोडकाम टळलं म्हणूनच गणित बसतंय.
वकीलबाईंकडेही जाऊन आले. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. त्याच्या ५५ व्या कलमात आहे की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सगळेच पुट्टी मारतात." मारतात खरं.
बिलं पक्की घ्या, असंही त्या म्हणाल्या. किरकोळ डागडुजी करात धरत नाहीत, पण घरात खरोखर सुधारणा केली तर तो खर्च भांडवली नफ्यातून वजा मागता येतो. आपलं काम कशात बसतं ते सीए ठरवेल.

१७ एप्रिल
वॉटरप्रूफिंगची परीक्षा. जाळीला बोळा कोंबून न्हाणीत दोन इंच पाणी भरून ठेवायचं. पस्तीस चौरस फुटांत दोन इंच म्हणजे दीडशे लिटरच्या वर. एप्रिलच्या अकोल्यात एवढं पाणी नुसतं उभं करून ठेवायचं! बोअरचंच घेतलं. मिस्त्रींनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी सरळ काठाच्या डब्यात पाणी भरून तिथेही रेघ मारली. "ऊन बी पाणी पेते ना! डब्यातलं जेवढं उतरन तेवढं माफ."

१८ एप्रिल
दोन्हीकडे सारखंच उतरलं, जेमतेम नखभर. बाहेर जोतं कोरडं. पाणी बादल्यांनी उपसून कडुनिंबाला घातलं.

२२ एप्रिल
टाइल्स बसल्या. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर नीट धरत नाही. खाली चिकटवायचं रसायन लागतं. दुकानदार ते देतो म्हणाला, मिस्त्री नको म्हणत होते. इथे मी दुकानदाराचं ऐकलं. उताराच्या बाबतीत मिस्त्रींचं: दारापासून जाळीपर्यंत सात फुटांत एक इंच. तांब्याभर पाणी दाराशी ओतलं, ते कुठेही न रेंगाळता गेलं. भेगही खाच पाडून भरली, पण रंगवली नाही. अजून पावसाळा जायचाय.

३० एप्रिल
अक्षय तृतीया. घर पाहायला आलेलं कुटुंब मूर्तिजापूरचं, नवराबायको दोघंही नोकरीवाले, सोबत सासूबाई. भेगेचं मीच सांगितलं, पाइपाचा तुकडाही दाखवला. दलालाचा चेहरा उतरला. सासूबाईंनी वाकून जोत्याला हात लावून पाहिला, मग विचारलं, "अन् बंब कुठी ठेवसान?" यावर सून हसली. भेगेपायी तीस हजार कमी करून मागितले, वीसवर तुटलं. दादा चिडलाय. इसारपावतीत भेगेची आणि दुरुस्तीची ओळ घालून घेतली. खरेदी सुनेच्या नावावर होणार; बाईच्या नावाने मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते.
मिस्त्रींचे दोन हजार द्यायचे राहिलेत. उरलेल्या टाइल्स जिन्याखाली ठेवल्या आणि सुनेला दाखवल्या. एखादी फुटली तर त्याच रंगछटेचा माल पुन्हा मिळेलच असं नाही.